उघड्या दाराची दुपार

पुण्याहून सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात राहायला आले, तेव्हा दुपारी दार लावून बसणारी आमच्या मजल्यावर मी एकटीच होते. समोरच्या काकूंनी एकदा हटकलंच, "रोज दार लावतीस. तब्येत बरी न्हाय, का आमी खातो तुला?" कुणी आलं तर बोलावं लागेल, ही माझी भीती त्यांना सांगवेना.

दुसऱ्या दिवशी दार उघडं ठेवलं. काकू सुपात शेंगा घेऊन आल्या आणि पंख्याखाली बसल्या. मी मनात वाक्यं जुळवत राहिले. त्या मात्र शेंगा फोडता फोडता तिथेच आडव्या झाल्या आणि झोपल्या. पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर सावकाश सरकत होतं. माझी वाक्यं कधी विरली कळलं नाही. मीही त्यांच्याशेजारी लवंडले.