पाचवी कवळी

आमचे हे कवळ्या करतात. पुढच्या खोलीत दुकान, मागे आमचा संसार. गल्लीत ह्यांना सगळे कवळीमास्तर म्हणतात आणि ह्यांना ते आवडतं. मी कधी म्हणत नाही.

स्वभावाने इतके मऊ, की घासाघीस करायची झाली तर मला पुढे करतात. पण दुकानात एका बाबतीत अगदी दगड. गिऱ्हाईक जुन्या कवळ्यांची पिशवी घेऊन आलं, की हात जोडून परत पाठवायचं. एक बसली नाही, तर करणाऱ्याचं चुकलं असेल. तीन-चार जणांच्या बसल्या नाहीत, तर आपलीही बसणार नाही, आणि तो माणूस जन्मभर आपल्या नावाने बोटं मोडत फिरेल. कितीही गयावया करा, हे विरघळत नाहीत.

म्हणून गेल्या महिन्यात ह्यांची थोरली बहीण कापडी पिशवी घेऊन दुकानात शिरली, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता बघूच.

माझं आणि नणंदेचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि माझ्या नाकी नऊ आणले. माझ्या फडताळातले डबे हलवले, माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवली, आणि वर शेजारणीला सांगितलं, भावजय मला उपाशी ठेवते. उपाशी म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक तर ती राहील नाहीतर मी, असं ह्यांना तोंडावर सांगितलं. तेव्हापासून ती बाजारामागे एका खोलीत एकटी राहते. आई गेल्यावर हिनेच ह्यांना लहानाचं मोठं केलं, हे मला माहीत आहे. ऐकून ऐकून कान किटलेत.

तर बाई खुर्चीत बसल्या. टेबलावर चार कवळ्या मांडल्या आणि करणाऱ्या चौघांचा उद्धार सुरू केला. पहिला चोर, दुसरा आंधळा, तिसऱ्याच्या हाताला वास, चौथ्याने तर मुद्दाम वाकडी केली. आता तूच करून दे, असं भावाला फर्मान. मी मधल्या दारात उभी राहून ह्यांच्यावर डोळे रोखले. बहीण म्हणून पाघळलात, तर उद्या पाचवे चोर तुम्ही.

ह्यांनी एकेक कवळी धुतली, तिच्या तोंडात बसवली, चावायला लावलं, बोटाने हलवून पाहिली. तिसरीपाशी थांबले.

"ताई, ही चोख बसते. माझ्याच्याने याहून चांगली होणार नाही."

"टोचते मला."

कुठे टोचते ते तिला दाखवता येईना. कधी इकडे बोट ठेवी, कधी तिकडे. मग म्हणाली, "हाताला वास होता, पण माणूस बरा होता तो. आज माप घेऊ, परवा मेण लावून बघू, सारखा बोलवायचा. कवळी झाली आणि म्हणाला, आता यायची गरज नाही."

मी नाक मुरडलं. नुसती नाटकं. ह्यांनी मात्र कवळी हळूच खाली ठेवली.

"मी कवळी करणार नाही, ताई," हे म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "तू रोज दुपारी जेवायला येत जा."

ती भावाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"हिने म्हटलं तर येईन."

आता दोघंही माझ्याकडे बघायला लागले. नुसतं 'या' म्हणायचं होतं. पण मला ते डबे आठवले, ती शेजारीण आठवली. मी आत जाऊन भांडी घासायला घेतली.

बाहेर आले तेव्हा ती निघून गेली होती. हे मेणाचा गोळा मळत बसले होते. मी म्हटलं, नाही म्हणालात ते बरं केलंत, डोक्याचा ताप गेला.

"मी कवळीला नाही म्हणालो," हे म्हणाले. "ताईला नाही म्हणालीस ती तू."

मी खूप वाद घातला. त्या बाईने काय काय केलं ते सगळं पुन्हा ऐकवलं. हे एक शब्द उलट बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून हे दुपारी दुकान बंद करतात आणि डबा घेऊन बाजारामागे जातात. दोघं तिथेच जेवतात. डबा मीच भरते, दोघांना पुरेल एवढा. चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण दोघांपैकी कोणीही मला 'ये' म्हटलेलं नाही.