पायांना भुई लागेना

सांगलीच्या डॉक्टरांनी लोखंडी दुहेरी काटा तळहातावर आपटला आणि तो गुणगुणत असतानाच माझ्या घोट्यावर टेकवला. थरथर जाणवते का, म्हणाले. मला काहीच जाणवलं नाही. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. मी कलंडले. ह्यांनी धरलं म्हणून पडले नाही.

"हा महारोग नाही," डॉक्टर म्हणाले.

मी खुर्चीत बसून रडले. त्या एका शब्दाच्या धाकानं आठ महिने तोंड मिटून काढले होते.

साताऱ्यात आमचं बिऱ्हाड. हे हायस्कुलात मास्तर. दिवाळीत दोन्ही तळपायांना मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. जीभ लाल झाली, आमटी झोंबायची. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जाई. एकदा देवळातून घरी आले तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठे गळाली ते कळलंच नाही.

आमच्या गल्लीतल्या एका सुनेचे पाय असेच बधिर झाले, तेव्हा तिला माहेरी धाडली होती. ती परत आली नाही. म्हणून मी बोलले नाही. वैद्यांकडून वाताचं तेल आणलं नि चोळत राहिले. शेवटी चुलीतला निखारा अंगठ्यावर पडला. मला आधी वास आला. फोड ह्यांनी पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी सांगलीची वाट धरली.

रक्त तपासलं. दोन दिवस बाकावर बसून काढले. आजाराचं नाव परनिशियस अनीमिया. डॉक्टरांनी समजावलं ते असं: अन्नातला एक अंश माझ्या पोटाला उचलता येत नव्हता, त्यामुळे रक्तही उपाशी आणि पाठीच्या कण्यातली मज्जाही उपाशी. औषध होतं, लिव्हर एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे जनावराच्या यकृताचा अर्क. सुईनं, जन्मभर.

ह्यांनी मान खाली घातली. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. मी एक दिवस मागितला.

"घ्या," डॉक्टर म्हणाले. "पण जितके दिवस दवडाल, तितकं पायातलं परत मिळणार नाही."

त्या रात्री मला दवाखान्यातच खाट दिली. शेजारच्या खाटेवर आष्ट्याची एक म्हातारी होती. मुलगा लढाईवर, घरी ऊस. तिचा उजवा हात उशीवर नुसता पडलेला असे. तिनं सगळं ऐकलं होतं.

"हात जड झालाय म्हनून मी चार दिस तसंच काढलं," ती म्हणाली. "आवं बाई, तुमाला औशिद हाय. माज्याला न्हाई म्हनत्यात."

सकाळी मी सुई घेतली.

तीन आठवडे राहिले. सुई दुखायची, त्याहून जास्त दमवायचं ते पडून राहणं. आधी जिभेची आग गेली, मग भूक आली. पाय सर्वांत शेवटी, तेही पुरते नाहीत. अजून पायरी उतरताना मी खाली बघून उतरते.

हे सारं लिहायला बसले ते मुंग्यांसाठी. चार दिवसांत गेल्या तर विसरून जा. राहिल्या, वर चढू लागल्या, डोळे मिटल्यावर झोक गेला, भाजलेलं कळेनासं झालं, की डॉक्टर गाठा. एका अंगाचा हात-पाय लुळावला, बोलणं बोबडं झालं, तर त्याच तासाला गाठा. काय असेल त्याची भीती वाटते, मलाही वाटली. त्या भीतीनं माझे आठ महिने खाल्ले.

घरी आल्यावर ह्यांनी आपल्या आईंना सांगितलं, शक्तीची सुई आहे. लपवून लपवून मी थकले होते. महिन्यानं सासूबाईंना खरं सांगून टाकलं. त्या कितीतरी वेळ वाती वळत राहिल्या. मग विचारलं, "पाय भुई धरतात ना?"

मी हो म्हणाले.

"मग घे."

त्या दिवसापासून त्या माझ्या हातचं जेवल्या नाहीत. स्वतःचं वेगळं शिजवून घेत. पण कंपाउंडर यायचा त्या दिवशी सुई उकळायचं पाणी त्याच तापवून ठेवत, अगदी अंथरुणाला खिळेपर्यंत. मी त्यांना कधी आभाराचा शब्द बोलले नाही. इथे बोलते.