पडद्यावरचा निरोप

काचवाल्या मावशीला मी कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. ऐंशी ओलांडली, तरी खुर्चीत बसते ती कडेला, कोणी हाक मारली तर चटकन उठता यावं म्हणून. जिन्यात धावती पावलं वाजली की चहाचा कप तोंडापाशी थांबतो.

"कोण पळतंय गं?"

"वरच्या मजल्यावरची पोरं, मावशी. तू चहा पी."

पण पावलं कुठल्या दाराशी थांबली हे कळेपर्यंत बाईसाहेब घोट घेणार नाहीत. मग चहा गार झाला म्हणून माझ्यावरच डाफरणार. या सगळ्याचं खापर मी टॉकीजवर फोडते.

टॉकीज आता नाही. तिथे गाड्या लावायची चार मजली इमारत आहे आणि तिच्याकडे पाहून कोणाला काही वाटत नाही, मला सोडून. टॉकीज म्हणजे मुळात धान्याचं गोदाम होतं. मालकाने त्यात आधी बाकं टाकली, मग खुर्च्या आणल्या, मग उसन्या ऐटीत एक गॅलरी चढवली. उन्हाने छपराचा पत्रा कडकडायचा, तोही नेमका नायिका रडत असताना. तरी दुपारच्या खेळाला सगळी आळी आत. घरोघरी फोन आले, मग टीव्ही आले, आणि गर्दी अशी आटली की मालकाच्या मुलांनी बाप गेल्यावर वर्षही जाऊ दिलं नाही, जागा विकून मोकळे झाले.

मावशी तिथे तिकिटं विकायची. सगळी आळी आत असली की मागे घरात काही ना काही व्हायचंच. मग घरचं कोणीतरी धापा टाकत तिकीट खिडकीशी यायचं. मावशी दिव्यावर धरून काळी केलेली काच उचलायची, सुईने त्यावर निरोप कोरायची आणि जिना चढून मशीनवाल्याला द्यायची. तो ती मशीनच्या उजेडापुढे धरायचा आणि दुसऱ्या क्षणी चालू सिनेमाच्या कडेला पांढरी अक्षरं उमटायची: 'दूधवाले, घरी या, गाय सुटली.' 'मास्तर, चाव्या तुमच्याच खिशात आहेत.' नावं कधी लिहायची नाहीत, कारण वसुलीवालेही सिनेमा बघायला येत.

एक नियम मात्र मालकाने घालून दिला होता. सुरुवातीला मावशीने एकदा सरळ लिहिलं होतं, 'गवंडी, आई गेली.' सगळं थिएटर उभं राहिलं, बायका रडू लागल्या, खेळ बंद पडला. मालक चिडला. माझ्या पडद्यावर खरं मरण नको म्हणाला. तेव्हापासून कोणी गेलं की फक्त 'घरी या' एवढंच लिहायचं, कारण द्यायचं नाही. बाकी प्रत्येक निरोपाला कारण हवंच. आळीला हे पाठ झालं. पडद्यावर अक्षरं आली की लोक आधी कारण शोधायचे. ते दिसलं की हसू, आणि नाही दिसलं की काळजाचा ठोका चुकायचा.

माझे आजोबा शिंपी. त्या दुपारी ते गॅलरीत पहिल्या रांगेत होते. माझी आजी अनवाणी पळत खिडकीशी आली.

"मावशी, पोरगी आलीय. परत. ट्रंक घेऊन."

ती पोरगी म्हणजे माझी आई. सासरी मार खायची. त्याआधी दोनदा माहेरी आली होती आणि दोन्ही वेळा आजोबांनी स्वतः तिला बसमध्ये बसवून परत पाठवलं होतं. दुसऱ्या खेपेला आजीला शपथ घातली होती, पुन्हा आली तर दार उघडायचं नाही. लोक काय म्हणतील, ही त्यांची काळजी. मला त्या माणसाचा आजही राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

"पायरीवर बसवून आले तिला," आजी म्हणाली. "खेळ सुटायच्या आत ह्यांना बोलवा. आळीने पाहिलं तर हे तिला दारात उभंही करायचे नाहीत. आणि मावशी, पाया पडते, कारण लिहू नका. चारचौघांत शोभा नको."

आजी तशीच उलट पळाली. मावशीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पोरीची अब्रू राखायची एवढंच डोक्यात. तिने कोरलं, 'शिंपी, घरी या', आणि काच वर दिली.

अक्षरं उमटली, पुढे कारण नाही. आजोबा उठले, कठड्याला धरून उभे राहिले आणि जिन्याकडे धावले. त्यांच्यामागे लोहार उठला, मास्तर उठले, मग रांगाच्या रांगा. मरणाच्या दारी एकट्याला जाऊ द्यायचं नाही, म्हणून निम्मं थिएटर रस्त्यावर आलं. तेव्हा कुठे मावशीच्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, तसं नाही!" ती ओरडत निघाली. तिकीट खिडकी सताड उघडी, पैशांचा गल्ला तसाच. पण पुढे माणसांची भिंत. कोणी तिला धीर देत होतं, कोणी म्हणत होतं, मावशी, तुम्हीच असं केलंत तर त्या घरच्यांनी कोणाकडे बघायचं?

जे झाकायचं ते तिने अशी वरात काढून दारात नेलं होतं.

आजोबा कोपऱ्यावर वळले. पायरीवर ट्रंक, ट्रंकेवर आई, शेजारी आजी. एवढी माणसं पाहून आई उठली आणि ट्रंक उचलून निघाली. परत बसमध्येच बसवणार, हे ती धरूनच चालली होती. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "आई!"

"काय रे, कशाला ओरडतोस?" अंथरुणावरून पणजी खेकसली.

आजोबा पायरीवर मटकन बसले. मागे लोक डोळे पुसत उभे. गेलं कोण, तेच कोणाला कळेना. शेवटी मास्तरांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय झालं हो?"

आजोबा उभे राहिले. आईच्या हातातली ट्रंक काढून घेतली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "काही नाही. आमची मुलगी आलीय. राहायला."

एवढ्या लोकांदेखत बोललेला शब्द फिरवता येत नाही. आई राहिली. काही महिन्यांनी माझा जन्म त्याच घरात झाला.

मावशीला मात्र चैन पडेना. जेवण जाईना. त्या माणसाला भर रस्त्यात काही झालं असतं तर, हा घोर. दोन दिवसांनी ती आजोबांच्या दुकानात गेली, हात जोडून म्हणाली, "चुकले हो."

आजोबांनी मशीन थांबवलं नाही, मानही वर केली नाही.

"निरोपात कोण गेलं ते नव्हतं, मावशी. रस्ताभर मी एकेकीला मारत आलो. आधी आई. म्हटलं, म्हातारी होती. मग बायको. तरी पाय चालत होते. मग पोरीचं मनात आलं, आणि आठवलं, तिला बसमध्ये मीच बसवलं होतं."