सावरगावचा प्लॉट

तुळस कुठं लावायची हे निर्मलाताईंनी ठरवूनही टाकलं होतं. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे अरुणभाऊंच्या हातात. भाऊ टेप ताणायचं सोडून जाम नदीकडं पाहत उभे. मी दोनदा म्हटलं, जरा ओढून धरा. त्यांचं लक्षच नाही.

मी पांढुर्ण्यात प्लॉट-घरांची दलाली करतो. आता नवे लोक ब्रोकर म्हणतात, धंदा तोच. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तर जेवायला फुरसत नाही. ज्या वावरात परवापर्यंत कापूस होता, तिथं आज चुन्याच्या रेघा आणि रंगीत बोर्ड. लोक विचारतात, प्लॉट घेताना काय पाहायचं? मी सांगतो, रस्ता, पाणी आणि कागद. कागदात मुख्य म्हणजे डायव्हर्शन, शेतजमिनीवर घर बांधायची सरकारी परवानगी. ती नसेल तर तुम्ही प्लॉट नाही, वावर घेतलं असं समजा.

नदीपलीकडचा, सावरगावचा हा प्लॉट तिन्ही गोष्टींत पास होता. शेजारच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी. पण निर्मलाताईंना त्याचं काही नव्हतं. त्यांचं माहेर सावरगावचं. आई, सगळे तिला माई म्हणत, तिथंच एकटी राहायची. गुडघे गेलेले, दम लागायचा. लेकरू हे एकच. निर्मलाताई पांढुर्ण्यात भाड्याच्या घरात राहायच्या आणि रोज डबा घेऊन पूल ओलांडायच्या. पहिल्या दिवशीच मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, आईनं हाक मारली तर मले ऐकू आली पाहिजे. एवढ्या अंतरावर पाहा." गिऱ्हाईक मला बजेट सांगतं, दिशा सांगतं. असं माप कोणी सांगितलं नव्हतं. या प्लॉटच्या कोपऱ्यावरून माईचं अंगण दिसत होतं.

अरुणभाऊ सौसरला एका शाळेत बाबू. माणूस सरळ, बायकोवर जीव. पण त्या दिवशी त्यांनी एकेक खोट काढायला सुरुवात केली. प्लॉट दक्षिणमुखी आहे. मी म्हटलं, फाटक पूर्वेला काढू. जमीन उतरती आहे. म्हटलं, भरण टाकू. गल्ली अरुंद आहे. म्हटलं, तुमच्याकडं स्कूटर आहे, ट्रक कुठं फिरवायचा आहे? मग डास निघाले. मी मनात म्हटलं, बापा, तू प्लॉट पाहून राहिला का सून पाहून राहिला?

निर्मलाताई आईकडं चहा ठेवायला गेल्या, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. आवाज खाली आणून अरुणभाऊ मला म्हणाले, "भाऊ, इथं घर बांधलं तर गोटमारीच्या दिवशी मी कोण्या काठावर उभा राहू?"

बाहेरच्यांना हे समजायचं नाही, म्हणून सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात झेंडा लावलेलं पळसाचं झाड उभं करतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दोन्हीकडून गोटे. पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवून नेली, तिथून हे सुरू झालं अशी गोष्ट सांगतात. माणसं जखमी होतात, जीवही जातात. बाकी वर्षभर काहीच नाही. याच पुलावरून वराती जातात, याच बाजारात दोन्हीकडचे भाजी घेतात. अरुणभाऊंच्या भुवईवर तरुणपणीची खूण आहे. गोटा हातात घेणं त्यांनी कधीच सोडलं होतं. तरी त्या दिवशी जुन्या दोस्तांसोबत पांढुर्ण्याच्या काठावर जाऊन उभं राहायचं, हे ठरलेलं.

मी म्हटलं, "भाऊ, वर्षातून एक दिवस आहे. घरात बसा, टीव्ही पाहा."

"तोच तर दिवस आहे," ते म्हणाले. "दोस्त काय म्हणतीन? सासऱ्याच्या काठावर जाऊन बसला."

मी त्यांना हसवून पाहिलं. म्हटलं, तुम्ही काही पळवून नेली नाही, मांडवात बसून आणली आहे. ते हसले नाहीत. मीही पांढुर्ण्याचाच. मला हसू आलं होतं, पण खरं सांगायचं तर मला ते कळलंही होतं.

शेवटी पांढुर्ण्याच्याच बाजूला, तिगाव रोडवर नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला. रुंद रस्ता, फाटक, पूर्वेचं तोंड. रजिस्ट्रीच्या दिवशी निर्मलाताईंनी एकच विचारलं, इथून आईचं घर किती लांब पडते. अरुणभाऊ घाईनं म्हणाले, गाडीनं काहीच नाही. ताईंनी मान हलवली आणि सही केली.

घर उभं राहिलं. चांगलं झालं, हे म्हणावंच लागेल. पण तिथली माती काळी. पावसाळ्यात गल्लीतून स्कूटर निघता निघत नव्हती. ताई डबा घेऊन चिखलातून मेन रोडपर्यंत पायी यायच्या, मग ऑटो. अरुणभाऊंना ते दिसत होतं. ते स्वतः दोनदा माईकडं गेले, आमच्याकडं राहायला चला म्हणून. माई जुन्या वळणाची. लेकीच्या घरचं पाणीही जपून पिणारी, ती जावयाच्या घरी राहायला कशी येणार? हसून म्हणायची, या घरातूनच जाईन. म्हणजे जावई तिकडं जाईना, सासू इकडं येईना, आणि मधल्या मधे निर्मलाताई रोज नदी ओलांडत राहिल्या.

त्या वर्षीच्या गोटमारीच्या दिवशी मला अरुणभाऊंचा फोन आला. मागं आरडाओरडा ऐकू येत होता. सावरगावहून शेजारणीनं कळवलं होतं, माईला श्वास घेता येत नाही. दवाखान्याची गाडी पाठवली आहे, पण गर्दीतून निघत नाही. पुलाकडचा रस्ता बंद. "भाऊ, तुम्हाले सगळे रस्ते माहीत आहेत," ते म्हणाले, "मले पलीकडं जायचं आहे."

मी कार काढली. दोघांना घेतलं आणि लांबून, शेतातल्या वाटांनी, संत्र्याच्या बागा ओलांडत निघालो. जमिनी दाखवत आयुष्य गेलं, त्या वाटा मला पाठ आहेत. पण पाठ असलेली वाट काही जवळची होत नाही. मागच्या सीटवर ताई मांडीवर डबा धरून बसल्या होत्या. सकाळीच भरलेला.

अंगणात बाया बसलेल्या दिसल्या आणि ताईंना कळलं. त्या आत गेल्या. त्यांचं रडणं मला अजून ऐकू येतं. शेजारीण सांगत होती, माईनं शेवटी दोनदा निर्मला, निर्मला अशी हाक मारली.

संध्याकाळी तिरडी उचलायची वेळ आली. गल्लीतली माणसं नदीवरून वर आली होती. कोणाच्या डोक्याला फडकं, कोणाचा शर्ट फाटलेला. त्यांनी खिशातले गोटे गल्लीच्या तोंडाशी टाकले, हातपाय धुतले आणि खांद्याला आली. पुढच्या बाजूला अरुणभाऊ होते. गोटमारीच्या दिवशी ते कोण्या काठावर उभे होते, हे साऱ्या सावरगावनं पाहिलं. कोणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याचे दोस्तही भेटायला आले. त्यांनीही काही म्हटलं नाही. म्हणणारच नव्हते कोणी.

तेरवीनंतर अरुणभाऊंनी मला घरी बोलावलं. म्हणाले, हे घर विकून टाका, आम्ही माईच्या घरात राहायला जातो. मी निर्मलाताईंकडं पाहिलं.

"आता काहून?" त्या म्हणाल्या. "आता तिथं मले हाक मारणारं कोण आहे?"

आणि विकायचं तर हे विका म्हणून माईच्या घराची किल्ली माझ्यासमोर ठेवली. अरुणभाऊ खाली पाहत बसले. फार वाईट वाटलं मला. दोघांसाठीही.

तो सावरगावचा प्लॉट पुढं बाहेरगावच्या एका माणसानं घेतला. काठाबिठाचं त्याला काही माहीत नव्हतं. एका चकरेत पसंत केला. मी मात्र आता गिऱ्हाईकाला रस्ता, पाणी, कागद सांगून झालं की विचारतो, तुम्हाला कोणाची हाक ऐकू यायला पाहिजे? बरेच जण हसतात. एखादा गप्प होतो. त्याला मी त्या दिवशी बयाना द्यायला लावत नाही, घरी जाऊन ये म्हणतो.