मिरवणुकीत अडकलेली जीप
प्रचाराच्या रिक्षावरचा भोंगा वाजला की आजही माझं डोकं उठतं. सहा वर्षांपूर्वी मला कळा सुरू झाल्या म्हणून सासूबाई जीपमधून नेकनूरहून बीडला नेत होत्या, आणि गावाबाहेरच एका उमेदवाराच्या मिरवणुकीनं रस्ता अडवला. फटाक्यांच्या धुरात सासूबाई ओरडल्या, “बाई अडलीय, वाट सोडा की!” एक कार्यकर्ता हात जोडून म्हणाला, “मावशी, पाचच मिनिटं, सायबाला हार घालायचा हाय.” लेक जीपमध्येच झाली, नशिबानं दोघी वाचलो. आठवड्यानं तेच साहेब फोटोवाल्याला घेऊन घरी आले आणि बाळाला मांडीवर घेऊन हसले. नवऱ्यानं तो फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला. मी दोनदा काढला. “लई मोठा माणूस हाय, कामाला येईल,” म्हणत त्यांनी तिसऱ्यांदा ठोकला, तो अजून तिथंच आहे.