डावी मूठ मित्सुएची

शिगेहारू निनोमियाला त्या वर्षी तांदूळ हवा होता. आमच्या बाजारगल्लीत वर्षअखेरीला सोडत असते. लाकडी पिंप फिरवायचं आणि ज्या रंगाची गोळी पडेल ते बक्षीस घ्यायचं. दुसरं बक्षीस तांदळाचं पोतं होतं. शिगेहारूने पिंप फिरवलं, लाल गोळी पडली, समितीवाल्यांनी घंटा बडवली आणि पहिलं बक्षीस, व्हिडिओ गेमचं यंत्र, त्याच्या हातात दिलं. "तांदळाशी बदलून मिळेल का?" त्याने हळूच विचारलं. नाही म्हणाले. पदरी पडलं पवित्र झालं, म्हणत तो ते घरी घेऊन आला. त्याच्यामागे मी उभी होते. मला कागदी रुमाल मिळाले.

यावाताहामाच्या बंदराकडून वर येणाऱ्या गल्लीत त्याचं सलून आहे, आणि समोर माझी लाँड्री. तीस वर्षं त्याचे पांढरे कोट मी धुतेय, त्यामुळे त्या घरातलं फारसं काही माझ्यापासून लपत नाही. सलूनमध्ये केस तो कापायचा आणि दाढी त्याची बायको मित्सुए करायची. लेक चिहारू झाली तेव्हापासून तो बायकोला 'आई' म्हणतो, ती त्याला 'बाबा'. चिहारू ओसाकाला नोकरी करते, पण हाका तशाच राहिल्या.

यंत्राचा नाद लागला तो मित्सुएला. त्यात एक बेट, त्यावर एक घर, एक माणूस आणि त्याचा गळ. गिऱ्हाईक नसलं की ती सलूनमधल्या टीव्हीवर मासे पकडायची. स्वयंपाकाची वेळ झाली की टीव्हीखालच्या खोबणीतून यंत्र उपसायची, की तोच खेळ त्याच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर चालू. तसंच ते चुलीशेजारी उभं करायची.

"आई, सूप उतू गेलं," शिगेहारू म्हणायचा.

"बाबा, मासा लागलाय. सूप पळून जात नाही."

मग फेब्रुवारीत एका सकाळी तिच्या हातातून साबणाचा ब्रश पडला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. जीव वाचला, पण पुढचे महिने टेकडीवरच्या व्यायाम-उपचारांच्या हॉस्पिटलात.

शिगेहारूला गाडी येत नाही. रोज दुपारी कपडे पोचवायच्या माझ्या व्हॅनमधून मी त्याला वर न्यायची. एप्रिलमध्ये एक दिवस तो रुमालात बांधलेलं काहीतरी मांडीवर घेऊन बसला. मी म्हटलं, "डबा का?" तर ते यंत्र. हॉस्पिटलात त्याने ते पलंगावरच्या टेबलावर, मागची बारीक तंगडी काढून उभं केलं. दोन्ही बाजूंच्या मुठी सुट्या करून डावी मित्सुएच्या चांगल्या हातात दिली, उजवी स्वतः धरली.

आता डाव्या मुठीवरच्या दांडीने माणूस चालतो आणि उजव्या मुठीवरच्या बटणांनी गळ टाकतो, दार उघडतो. म्हणजे माणूस एक आणि त्याला हाकणारे दोन. पहिल्या दिवशी ती माणसाला समुद्राकडे न्यायच्या आतच याने गळ टाकला, तो वाळूत. दुसऱ्यांदा ती वळली आणि याने गळ झाडावर फेकला. "आई, सांगून तरी वळ," तो म्हणाला, आणि मग जीभ चावली. पण मित्सुए हसली. तोंड वाकडं झालं होतं, तरी हसली. आजारानंतरचं ते पहिलं हसू, आणि मला बाई रडू आलं.

जूनमध्ये बैठक झाली. ऑगस्टनंतर हॉस्पिटल ठेवून घेणार नव्हतं. पुढे घर की कायमचं देखभाल केंद्र, एवढंच ठरवायचं होतं. घर सलूनच्या वरच्या मजल्यावर आणि जिना शिडीसारखा. ओसाकाजवळच्या एका केंद्रात जागा होती. तिथल्या बाईंनी सगळं गोड शब्दांत समजावलं, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला मित्सुए मान डोलवत होती. चिहारू डोळे पुसत म्हणाली, "आई तयार आहे."

व्हॅनमध्ये मी शिगेहारूला झापलं. "तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"ती माझ्यासाठी तयार झालीय, फुमी-सान. मला भार नको म्हणून. मी मोडता घातला तर तिला उलट अवघड होईल." आमच्याकडे हा आजार घरोघरी आहे. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायचं, पण त्याला विचारायचं नाही. आणि बोट दाखवायला मी कुठे वेगळी? मीही ती मान पाहिली होती आणि मलाही तो होकारच वाटला होता. अर्ज गेला.

त्यानंतर मित्सुए समुद्राकडे जाईना. खेळ सुरू झाला की माणसाला थेट घराशी न्यायची आणि दारासमोर उभं करायची. शिगेहारू आपला तिथेच गळ टाकायचा, तो अंगणात पडायचा. ती पुन्हा दाराशी. आठवडाभर हेच. "मासेमारीचा कंटाळा आला तिला," तो मला म्हणाला. "दमते बिचारी."

जुलैच्या एका सकाळी मी धुतलेले कोट द्यायला सलूनमध्ये गेले. खुर्चीत सेइके-सान, म्हातारे मच्छीमार, शिगेहारूला लहानपणापासून ओळखणारे. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस.

"मग शिगे, उत्सवाचा अध्यक्ष तूच," ते म्हणाले. "मी कळवून टाकलंय."

"मी? मी कधी हो म्हणालो?"

"गेल्या महिन्यात. याच खुर्चीत मी विचारलं, तू चांगली दोनदा मान डोलावलीस."

"सेइके-सान, चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांपुढे नंदीबैलासारखी मान डोलावतोय. सगळ्यांना हो म्हणत गेलो असतो तर एव्हाना तीन पक्षांत असतो. मान हलवली म्हणजे ऐकतोय, एवढंच. त्याला कोणी हो..."

आणि तो थांबला. वस्तरा हवेत तसाच. आरशात मला त्याचा चेहरा दिसला. त्याने वस्तरा ठेवला, कोटाची बटणं सोडली आणि माझ्याकडे वळला.

"फुमी-सान, व्हॅन आहे?"

"आहे. पण यांची दाढी?"

"जा रे तू," सेइके-सान म्हणाले. त्यांना काय कळलं होतं देव जाणे. "दाढी उद्या वाढलेलीच सापडेल."

भेटीच्या वेळेआधीच आम्ही वर पोचलो. शिगेहारूने यंत्र उभं केलं, मुठी सोडवल्या, खेळ लावला. मित्सुएने माणसाला दाराशी नेलं. या वेळी त्याने गळ टाकला नाही.

"आई," तो म्हणाला, "मी तुला विचारलंच नाही. चुकलं माझं. आता मान हलवू नकोस. घरी यायचं असेल तर दांडी पुढे ढकल, केंद्रात जायचं असेल तर मागे ओढ. माझा विचार करायचा नाही."

मित्सुएने त्याच्याकडे पाहिलं. मग अंगठ्याने दांडी पुढे ढकलली. पडद्यावरचा माणूस बंद दारावर आपटला, पाय जागच्या जागी चालत राहिले. तिने अंगठा काढलाच नाही. नखाखाली पांढरा पडला तरी ती ढकलतच होती.

"उघडा ना हो ते दार," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"दिसत नाहीये बटण," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी त्याचा अंगठा धरून बटणावर ठेवला. दार उघडलं आणि मित्सुएने माणसाला आत नेलं.

अर्ज मागे घ्यायला शिगेहारूने तिथल्याच व्हरांड्यातून लेकीला फोन लावला. चिहारूचा आवाज मलाही ऐकू येत होता. जिना कोण चढवणार, अंघोळ कोण घालणार, तुम्ही सत्तरीचे झालात बाबा, असं सगळं ती बोलत होती, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तो म्हणाला, "सलूनमधली तिची दाढीची खुर्ची काढतो. पलंग खाली तिथेच लावतो."

"पण बाबा, त्या दिवशी बैठकीत आई स्वतः हो म्हणाली होती."

"नाही गं," तो म्हणाला. "ती ऐकत होती."