आक्काचं पान मी पाहिलंच नाही

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आक्काची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली आणि मला पडवीत बोलावून विचारलं, "मास्तर, अंगात रक्तच नाही यांच्या. जेवतात काय या?" चौदा वर्षं एका घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं. त्यानंतर नवव्या दिवशी आक्का गेली. आता पाच आठवडे झाले...

आक्का माझी थोरली बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं आणि ती श्रीवर्धनला माझ्याकडे राहायला आली. मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, त्यामुळे घर तिचंच. माझं पोट जन्माचं दुखरं, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की गाव डोक्यावर घ्यायची मला सवय. गेल्या वैशाखात मुंबईच्या आगबोटीने अपक्वाहारावरची, म्हणजे सगळं कच्चंच खाण्यावरची, एक पुस्तिका आली. ती वाचली आणि मी जाहीर केलं, "आजपासून चूल बंद!" काय खायचं याचा तक्ताच मी भिंतीवर लावला. माठ, शेवग्याचा कोवळा पाला, मोडाचे कुळीथ आणि मूग, तीळ, खजूर. यातून रक्ताला लोह मिळतं, वर लिंबू पिळावं, असं खाली ठळक लिहिलं. मास्तर आता गोठ्यात बिऱ्हाड करणार, म्हणून गाव हसलं.

आक्का रागावेल असं वाटलं होतं. ती उंबऱ्यावर बसून पदराने डोळे पुसत हसली. "अरे, आठव्या वर्षापासून धूर खातेय मी. विझव मेली ती चूल!" मग तिच्या हाती सकाळ आली, दुपार आली. ती समुद्रावर फिरून येऊ लागली. माझ्याकडून बाराखडी शिकली आणि महिन्या-दोन महिन्यांत वर्तमानपत्र मोठ्याने, अडखळत वाचून संपादकाला शिव्या घालू लागली. इतक्या सुखात मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

सकाळी ती माझं पान वाढायची. हिरवागार पाला, मोड, वर लिंबाची फोड. मी जेवून शाळेत जायचो आणि मग ती बसायची. आमच्याकडे बायका मागूनच बसतात, त्यात पाहण्यासारखं काय असतं? आश्विनापर्यंत माझं पोट साफ बरं झालं, गालावर तुकतुकी आली. आक्का मात्र विहिरीच्या दोन पायऱ्या चढताना धापा टाकू लागली, ओठ पांढरे पडले. मी म्हणालो, "शरीर शुद्ध होतंय, थोडं फिकं दिसणारच." हे वाक्य माझं आहे. कुठल्या पुस्तिकेतलं नाही.

डॉक्टरांचा प्रश्न घेऊन मी आत गेलो. "आक्का, तू जेवतेस काय?"

"खोबरं, केळी, तवसं-काकडी... पोट भरतं रे."

"आणि पाला? मोड?"

"चातुर्मासात पालेभाजी आणि द्विदल सोडलंय मी. लोक एकेक महिना सोडतात, मी चारही महिने दोन्ही सोडलं. तुझं पोट बरं होऊ दे, म्हणून देवाला बोलले होते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू करू दिलं असतंस होय?"

मी तिच्या पायाशी बसून रडलो. उद्यापासून माझ्यासमोर जेवायचं, असं बजावलं. तिने माझ्या केसांतून हात फिरवला. "कार्तिकी होऊ दे. बारा दिवस तर राहिलेत." लोहाचं औषध तिने निमूटपणे घेतलं, पण ते अंगी लागायला वेळ हवा होता. चौथ्या दिवशी ताप भरला आणि थकलेल्या छातीला तो पेलला नाही. कार्तिकी तीन दिवसांवर होती. डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कच्च्या खाण्याला दोष देऊ नका, मास्तर. तुम्हीही तेच खात होता, बघा कसे धडधाकट आहात." समजूत घालायलाच ते म्हणाले. मला ते अजून सोसत नाही.

परवा वाडीची राखण करणाऱ्या गोविंदाने मला विहिरीमागे नेलं. तिथे लाल माठाचा वाफा वीतभर वाढला होता.

"हा कधी पेरलास?"

"आक्कांनी पेराय लावला. निजल्या जाग्यावरनं बी दिलं माज्या हातात. कार्तिकी झाली की भावाम्होरं बसून खायाचा हाय, म्हनल्या."

काल सकाळी मी एक जुडी उपटली, धुतली, निवडली. दोन पानं मांडली. आधी तिचं वाढलं, मग माझं. शाळेची घंटा झाली, तरी माझ्याने हात लावेना. आयुष्यात पहिल्यांदाच मी थांबलो होतो, आक्काने आधी जेवावं म्हणून.